संगणक बदलण्याआधी नोंदी सोडवून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संचालन प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून सार्वजनिक वाचनालये, पतसंस्था, अनुदानित शाळा, गृहनिर्माण संस्था अशा राज्यातील लहान संस्थांपुढे एकच प्रश्न उभा आहे. त्यांचे संगणक चालू आहेत आणि रोजचे कामही त्यांवर व्यवस्थित होते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आता आपोआप येत नाहीत. विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही, कारण त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेले जवळजवळ सगळे संगणक या अटीतच बाद होतात. मी तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग वाचनालयाचा कार्यवाह आहे आणि आमच्या ७ संगणकांपैकी ५ या बाद यादीत आहेत. ते मोडीत काढून नवे घ्यावेत की त्यांच्यावर लिनक्ससारखी मोफत, मुक्तस्रोत (जिचा मूळ संकेत कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशी) प्रणाली घालावी, हा विषय आमच्या कार्यकारी मंडळापुढे आला. त्यावरच्या चर्चेत जे हाती लागले ते इतर संस्थांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

प्रथम पर्याय. नवे संगणक घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे आणि ज्यांना तो परवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. दुसरा मार्ग पैसे भरून मुदतवाढ घेण्याचा आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची सोय जाहीर केली, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून संगणकाची मांडणी त्या खात्याशी जोडून ठेवणाऱ्यांना ती मोफतही मिळते. संस्थांसाठी मात्र पहिल्या वर्षाचा जाहीर दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होत जातो, म्हणजे तीन वर्षांचे एकूण ४२७ डॉलर होतात. एवढ्या रकमेत आमच्याकडचा जुना संगणक तीनदा विकत येईल. शिक्षणसंस्थांना हीच सोय पहिल्या वर्षी १ डॉलर इतक्या नाममात्र दराने देऊ केलेली आहे, त्यामुळे शाळांनी घाईने कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आपण त्या सवलतीत बसतो का, याची चौकशी अवश्य करावी.

तिसरा मार्ग गावातला दुकानदार सुचवतो. विंडोज ११ ची अट चुकवून ती ‘बसवून देतो’, आणि परवान्याचेही ‘बघून घेतो’, असे तो सांगतो. अट चुकवून बसवलेल्या प्रणालीला पुढे अद्ययावत दुरुस्त्या मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी हा खटाटोप करायचा तेच कारण अर्धवट राहते. परवान्याविना वापराबद्दल तर बोलायलाच नको. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार अनधिकृत प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सात दिवसांच्या कैदेची व पन्नास हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. आर्थिक लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते, एवढेच. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने या वाटेला जाऊ नये, हे मला इतके उघड वाटते की मंडळात त्यावर चर्चा व्हावी याचेच नवल वाटले.

चौथा मार्ग काहीच न करण्याचा, आणि खरे तर बहुतेकांनी तोच धरला आहे. संगणक १५ ऑक्टोबरच्या सकाळीही सुरू झाला, तेव्हा काही बिघडले नाही असा समज झाला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर लाखो संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा ती विंडोजमधल्या ज्या छिद्रातून शिरली त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, प्रसिद्ध झालेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीसाठी ती तेव्हा मिळतच नव्हती, ते सापडले. ज्या संगणकावर संस्थेचा बँक व्यवहार होतो, तो अशा स्थितीत इंटरनेटला जोडून ठेवणे बेजबाबदारपणाचे आहे.

उरला मार्ग लिनक्सचा. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज प्रत्येक अँड्रॉईड फोनच्या गाभ्यात आहे. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्याचीच टेबलावरच्या संगणकासाठी बांधलेली रूपे. मिंटला चालण्यासाठी किमान २ आणि सुखाने चालण्यासाठी ४ जीबी स्मृती (रॅम) पुरते, आणि २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, आतल्या डिस्कला हात न लावता, ती चालवून पाहता येते. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सारे असे आधी तपासता येते. शिवाय विंडोज १० चा डिजिटल परवाना त्या संगणकाच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो, त्यामुळे लिनक्स घालून पाहिले आणि नाही जमले तर त्याच संगणकावर विंडोज पुन्हा बसवता येते. निर्णय परत फिरवता येतो ही गोष्ट आमच्या मंडळातील सावध ज्येष्ठांना सर्वाधिक पटली.

एवढे सगळे अनुकूल असताना अडले कुठे? माझ्या पत्राचा खरा विषय इथून सुरू होतो. आम्ही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून आमची ग्रंथसूची उघडली, आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर आले नाही. अठ्ठावीस हजार ग्रंथांची, वीस वर्षांत तीन ग्रंथपालांनी टंकलिखित केलेली ती यादी जुन्या पद्धतीच्या एका टंकात (फाँटमध्ये) होती आणि तो टंक फक्त दोन संगणकांवर बसवलेला होता. ‘लिनक्सवर मराठी चालत नाही,’ असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघाला. तो चुकीचा होता, कारण तीच फाईल नव्याकोऱ्या विंडोज ११ वर उघडली तरी तशीच दिसली असती.

जुन्या टंकांची गोम तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कृतिदेवसारख्या टंकात ‘मराठी’ असे लिहिले की संगणक प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठवतो. ती आपल्याला ‘मराठी’ अशी दिसतात, ती केवळ त्या टंकाने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार रेखाटलेले असतात म्हणून. टंक काढून घेतला की अर्थही जातो. युनिकोड या जागतिक मानकात ‘म’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे टंक कोणताही असो आणि संगणक कोणाचाही असो, ‘म’ हा ‘म’च राहतो. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तक आज्ञावली मोफत मिळतात, पण त्या जादूच्या नाहीत. जुन्या टंकात पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत शब्दाच्या शेवटी टंकला जाई, युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधी असतो. परिवर्तक ही उलटापालट बहुतेक ठिकाणी बरोबर करतो, तरी जोडाक्षरांत, ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’ यांतल्या ‘ऱ’मध्ये आणि ‘ॲ’मध्ये हमखास घोटाळा होतो. हे डोळ्यांनी तपासावेच लागते. शिवाय इंग्रजी ग्रंथांची नावे त्याच स्तंभात असतील तर परिवर्तक त्यांनाही देवनागरी समजून त्यांचा चुराडा करतो. ती आधी बाजूला काढावी लागतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, कोणती प्रणाली घ्यावी हा प्रश्न संस्थांनी शेवटी विचारावा. आधी आपल्या नोंदी कोणत्या रूपात अडकल्या आहेत ते पाहावे. पतसंस्थेची सभासद नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, वाचनालयाची दाखल नोंदवही, यांपैकी जे काही जुन्या टंकात किंवा एकाच आज्ञावलीला कळणाऱ्या स्वरूपात पडून असेल ते सोडवून युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात आणणे हे पहिले काम आहे, आणि ते नवे संगणक घेणाऱ्यालाही चुकणारे नाही. ते एकदा झाले की विंडोज की लिनक्स हा प्रश्न बराच किरकोळ होतो. ते न करता प्रणाली बदलली तर दोष नव्या प्रणालीला लागतो आणि नोंदी जुन्या टंकाकडेच गहाण राहतात.

मराठीपुरते बोलायचे तर या कामाला आज पूर्वीइतकी अडचण नाही. लोहित देवनागरी हा मुक्त टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या आरेखनातून आला आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला केला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा कुटुंबवत्सल टंक (जाड, बारीक, मधला असे सारे भाऊबंद असलेला) कोणालाही विनामूल्य वापरता येतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक विंडोजवर आणि लिनक्सवर एकाच मांडणीचा आहे, त्यामुळे ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांना काहीही नव्याने शिकावे लागत नाही. टंकलेखन यंत्राच्या जुन्या मांडणीवर तीस वर्षे काम केलेल्या लिपिकाची अडचण मात्र खरी आहे. त्याला ‘शिकून घ्या’ असे ऐकवण्यापेक्षा त्याच्या निवृत्तीपर्यंत त्याचा संगणक आहे तसा ठेवून इंटरनेटपासून तोडणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

दुसरे काम, प्रणालीला हात न लावता वरच्या आज्ञावली बदलून पाहण्याचे. लिब्रेऑफिस (एमएस ऑफिसच्या जागी वापरता येणारी मुक्तस्रोत आज्ञावली) आणि फायरफॉक्स हा ब्राउझर विंडोजवरही चालतात. सहा महिने कर्मचाऱ्यांनी विंडोजवरच लिब्रेऑफिसमध्ये पत्रे, सभेची इतिवृत्ते आणि पावत्या केल्या तर खालची प्रणाली बदलल्याचे त्यांना फारसे जाणवत नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने सुमारे तीस हजार सरकारी संगणकांसाठी हाच क्रम धरला. २०२४ मध्ये निर्णय जाहीर करून त्यांनी आधी लिब्रेऑफिस आणले, मग ई-मेलव्यवस्था बदलली, आणि विंडोज काढण्याचे काम मागाहून ठेवले. त्याच देशातील म्युनिक शहराची कथा उलट्या वळणाने गेली. २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत जवळपास पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. लिनक्सचे विरोधक म्युनिकचे नाव नेहमी घेतात आणि समर्थक ते टाळतात. टाळण्यासारखे त्यात काही नाही. इतक्या वर्षांच्या कामालाही सत्ताधाऱ्यांचा कल बदलल्यावर परत फिरावे लागते, हे समर्थकांनीच आधी समजून घ्यायला हवे.

आपल्याकडचे सर्वांत भक्कम उदाहरण केरळचे आहे. तिथल्या सरकारी व अनुदानित शाळांमधले संगणकशिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि ‘काइट’ ही शासकीय संस्था त्यासाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करून शाळांना देते. ते टिकले, कारण पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतलेली आहेत आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिलेले आहे. आपल्या राज्यात याच काळात एमएस-सीआयटीमुळे लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माऊस आला, हे त्या अभ्यासक्रमाचे मोठे काम आहे, पण तो माऊस विंडोजवरचा होता. त्यामुळे ‘संगणक येतो’ याचा अर्थ आपल्याकडे विंडोज आणि एमएस ऑफिस येते असाच रूढ झाला. कर्मचारी लिनक्सला बुजतात त्याचे कारण एवढेच आहे.

आणि तरीही मुक्तस्रोत प्रणाली आपल्या गावात आधीच आलेली आहे. ई-न्यायालय प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांना उबुंटू लिनक्स दिलेले आहे, आणि तिथे खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात विकसित झाली. न्यायालयाची तारीख मोबाइलवर पाहणाऱ्या पक्षकाराला हे ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच आपल्या ई-प्रशासन व्यवस्थांत मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे.

आमच्या स्वतःच्या निर्णयाकडे वळतो. देवघेव विभागासाठी आम्ही ‘कोहा’ ही मुक्तस्रोत ग्रंथालय आज्ञावली निवडली आहे. तिचा जन्म मनोरंजक आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी आज्ञावली सन २००० च्या तारखा ओळखणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये स्वतःसाठी एक लिहून घेतली आणि पुढच्या वर्षी ती जगाला मुक्त केली. कोहा एका संगणकावर लिनक्समध्ये बसते आणि बाकीचे संगणक ती नुसत्या ब्राउझरमधून वापरतात, त्यामुळे देवघेवीच्या टेबलावरचा संगणक कोणत्या प्रणालीचा आहे याने काही फरक पडत नाही. वाचकांसाठीचे दोन आणि बालविभागातला एक संगणकही लिनक्सवर जातील. स्पर्धापरीक्षेची मुले तिथे ब्राउझर आणि पीडीएफ यापलीकडे काही उघडत नाहीत.

लेखा विभागाचा संगणक मात्र विंडोजवरच राहील, आणि त्यासाठी एक नवा संगणक आम्ही घेऊ. आमचे हिशेब टॅलीत आहेत, टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि लेखापरीक्षकांना तीच फाईल हवी असते. आडमार्गाने ती लिनक्सवर चालवता येते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मार्चअखेरीस ती अडली तर तेच लोक फोन उचलतील का, हा माझा त्यांना प्रश्न आहे. डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी कळही याच संगणकावर राहील, कारण तिचा ड्रायव्हर आणि त्या त्या शासकीय पोर्टलची सहायक आज्ञावली दोन्ही जुळल्याशिवाय स्वाक्षरी उमटत नाही. कार्यालयांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटरही असे आहेत, की ते निर्मात्याच्या खास ड्रायव्हरशिवाय कागद ओढत नाहीत आणि तो ड्रायव्हर लिनक्सवर बसवणे जिकिरीचे असते. आमचा असा प्रिंटर लेखा विभागात गेला आहे. सगळे संगणक एकाच प्रणालीवर असावेत हा आग्रह मंडळातील एका सभासदांनी धरला होता. तो व्यवस्थेच्या दृष्टीने रास्त असला तरी आमच्या कामाच्या दृष्टीने निष्कारण आहे.

‘मोफत’ या कल्पनेबद्दलही थोडे स्पष्ट बोलायला हवे. परवान्याचे पैसे वाचतात, पण संगणकांत एसएसडी (जलद डिस्क) टाकणे, स्मृती वाढवणे, कर्मचाऱ्यांचे शिकण्याचे दिवस आणि ग्रंथसूची तपासण्याची मजुरी हा खर्च आहेच, आणि आमच्या अंदाजपत्रकात तो आम्ही वेगळा दाखवला आहे. याहून अवघड प्रश्न देखभालीचा. तालुक्याच्या गावात लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला मिळत नाही. जवळच्या तंत्रनिकेतनातला एखादा हौशी विद्यार्थी सारे बसवून देतो, आणि दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. अशा एकट्याच्या उत्साहावर चाललेले प्रयोग मोडले की ‘लिनक्स फसले’ असे म्हटले जाते, प्रत्यक्षात फसलेली असते ती संस्था. आम्ही ठरवले आहे की जे जे बसवले जाईल त्याची साध्या मराठीत लिहिलेली टिपणवही कार्यालयात राहील, पासवर्ड कार्यवाहांकडे सीलबंद लखोट्यात राहतील, आणि एका कर्मचाऱ्याला तरी संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवता आलीच पाहिजे. ते जमत नसेल त्या संस्थेने लिनक्सच्या भानगडीत न पडता पैसे जमवून नवे संगणक घ्यावेत, हे मी मुक्तस्रोताचा समर्थक असूनही सांगतो.

शेवटी शासनाकडे एक मागणी. संस्थांकडून माहिती मागवताना शासकीय कार्यालये अनेकदा एक्सेलचे असे तक्ते पाठवतात की ज्यांत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) दडवलेले असतात. ते लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. कधी जुन्या टंकात टंकलेली परिपत्रके येतात, आणि ती तर कोणाकडेच नीट उघडत नाहीत. युनिकोड वापरण्याच्या सूचना राज्य शासनाने स्वतःच्या कार्यालयांना वेळोवेळी दिलेल्याच आहेत. ग्रंथालय संचालनालयाने निदान आपले वार्षिक अहवालाचे आणि अनुदानाचे सर्व नमुने युनिकोडमध्ये, खुल्या ओडीएफ स्वरूपात किंवा कोणत्याही ब्राउझरमध्ये भरता येतील असे करावेत. ओडीएफ हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि एमएस ऑफिसमध्येही उघडते, त्यामुळे ज्यांना विंडोजवरच राहायचे आहे त्यांची यात काहीच गैरसोय नाही. त्याचबरोबर जुन्या टंकांतील ग्रंथसूची युनिकोडमध्ये आणण्यासाठी ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांना एकरकमी साहाय्य द्यावे. त्यांच्याकडे मोजकेच कर्मचारी असतात, आणि देवघेव सांभाळून हजारो नोंदी तपासणे त्यांच्याच्याने होणारे नाही.

आमची सूची सध्या ‘ऐतिहासिक कादंबरी’पर्यंत तपासून झाली आहे. ज्या वाचनालयांनी हे काम आधीच पार पाडले असेल त्यांनी आपली तपासलेली सूची इतरांना खुली केल्यास तेच ग्रंथ प्रत्येकाने पुन्हा टंकण्याचे श्रम वाचतील. आमची पूर्ण होताच आम्ही ती कोणत्याही ग्रंथालयाला विनामूल्य देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक ग्रंथालय कार्यवाह, जि. सातारा